दोन मिनिटांचा थांबा

शैलेंद्र टिपणीस माणूस वाईट नव्हता, पण वेळेचा इतका पक्का की त्यापायी घरच्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. दुबईतल्या एका शिपिंग कंपनीत तो प्लॅनर होता. खोर फक्कानच्या धक्क्याला कुठलं जहाज किती वाजता लागणार आणि कंटेनर उतरवून किती वाजता सुटणार, हे तो आठवडाभर ठरवायचा आणि शुक्रवारच्या सुट्टीला ती सगळी शिस्त घरी घेऊन यायचा. "अहो, मी जहाज नाहीये," असं त्याची बायको प्रमिला दर शुक्रवारी एकदा तरी म्हणायची.

१९९८ च्या उन्हाळ्यात त्याच्या डोक्यात आगगाडी शिरली. बरं, राहतोय कुठे, तर ज्या देशात तेव्हा औषधालाही आगगाडी नव्हती तिथे! बर दुबईत, मीना बाजारच्या मागच्या गल्लीत, चौथ्या मजल्यावर बसून या गृहस्थाने रशियाचा प्रवास आखला. मॉस्को ते व्लादिवोस्तोक, सात दिवस, एकच गाडी, जुलैच्या शाळेच्या सुट्टीत. एजंट नको, टूर नको, सगळं आपलं आपण. खाडीपलीकडच्या देरा बाजारात घाऊक खरेदीला येणाऱ्या एका रशियन बाईकडून त्याने वेळापत्रकाच्या झेरॉक्स मिळवल्या, जायच्या गाडीची एक आणि यायच्या गाडीची एक. त्यांवर प्रत्येक स्टेशनचं नाव पेन्सिलीने देवनागरीत लिहून काढलं. त्यातच त्याला कळलं की ती गाडी कितीही पूर्वेला गेली तरी तिच्यात घड्याळ मॉस्कोचंच चालतं, आणि उन्हाळ्यात मॉस्कोचं आणि दुबईचं घड्याळ तंतोतंत एक असतं.

"म्हणजे आपल्या हॉलमधलं घड्याळ हे गाडीतलंच घड्याळ!" तो लहान मुलासारखा टाळी वाजवून म्हणाला.

घोडं अडलं होतं ते ईश्वरीपाशी. अकरा वर्षांची ही त्यांची एकुलती एक मुलगी दुबईतच जन्मली. मुंबईला जायचं ते विमानाने आणि तिथून पुण्याला टॅक्सीने. रेल्वेच्या डब्यात ती एकदाही झोपलेली नव्हती. परक्या माणसासमोर कसं बसायचं, सामान कुठे ठेवायचं, फलाटावर उतरून वेळेत परत कसं चढायचं, कशाचाच पत्ता नाही. तेव्हा शैलेंद्रने ठरवलं, घरातच रंगीत तालीम करायची. दर शुक्रवारी दुपारी अडीचपासून. खऱ्या गाडीच्या खऱ्या वेळेबरहुकूम.

हॉलमध्ये दोन सोफे आणि दोन गाद्या समोरासमोर मांडल्या की झाला चार बर्थचा डबा. हॉलचं दार म्हणजे डब्याचं दार. बाहेरचा लांबलचक कॉरिडॉर म्हणजे फलाट. त्याच्या टोकाला, लिफ्टजवळ, स्टुलावर दाबायचा थर्मास ठेवलेला असे, कारण तिकडच्या जुन्या स्टेशनांवर उकळत्या पाण्याचा नळ असतो असं त्याने वाचलं होतं. पाणी आणायला ईश्वरीकडे फिरकीचा तांब्या. प्रमिलाच्या आईने बारशाला दिलेला, 'चि. ईश्वरी' असं नाव घातलेला.

प्रत्येक बर्थवर पुठ्ठ्याचं कार्ड होतं. ती कार्डं ईश्वरीने लिहिली: आई, बाबा, मी. शाळेत हिंदी असल्यामुळे तिला अक्षरं छान यायची, फक्त ती वर शिरोरेषा द्यायची नाही. "वेस्ट ऑफ टाइम, बाबा," म्हणायची. चौथं कार्ड कोरंच राहिलं.

"चौथ्या बर्थवर कोणीतरी परकं येणारच," शैलेंद्रने बजावलं. "त्याच्याशी नीट वागायचं, पण भलती जवळीक करायची नाही."

सगळ्यात मोठा नियम शेवटचा. गाडी चुकली तर घाबरायचं नाही, धावायचं नाही, कोणाबरोबर जायचं नाही. जिथे उतरलो तिथेच उभं राहायचं. "आम्ही पुढच्या स्टेशनवर उतरू आणि परतीच्या गाडीने तुला न्यायला येऊ. तोवर जागचं हलायचं नाही. काय?"

"डोन्ट मूव्ह. गॉट इट."

या नियमामागे एक कारण होतं आणि ते त्याने कोणाला फारसं सांगितलं नव्हतं. तो आठ वर्षांचा असताना इटारसीला त्याचे वडील पाणी भरायला उतरले आणि गाडी सुटली. वडील संध्याकाळी दुसऱ्या गाडीने आले, पण मधले पाच तास आई एक अक्षर न बोलता खिडकीचा गज धरून बसली होती. त्या पाच तासांची भीती त्याच्या पोटात अजून होती.

पहिल्या शुक्रवारी नुसती धमाल झाली. प्रमिला बॅग घेऊन दारात अडकली, ईश्वरी हसून हसून लोळली.

दुसऱ्या शुक्रवारी पडदे ओढून, दिवे घालवून, तिघं आपापल्या जागी बसले. बाहेर चाळीस डिग्री होतं. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. प्रमिलाने काचेच्या ग्लासांत चहा आणला होता आणि शैलेंद्रच्या ग्लासातला चमचा वाजायला लागला. टिक्-टिक्, थांबून पुन्हा टिक्-टिक्.

"एसीचा कॉम्प्रेसर," तो म्हणाला. उठून त्याने एसी बंद केला. चमचा वाजतच राहिला. चार वाजता तालीम संपली तेव्हा थांबला.

तिसऱ्या शुक्रवारी चौथ्या बर्थवरची चादर चुरगळलेली निघाली. उशीला मध्ये खळगा. प्रमिलाने झटकून ती नीट केली आणि वेळापत्रकातलं एक स्टेशन गेलं न गेलं तोच पुन्हा खळगा पडला. 

"शी गेट्स ऑन आफ्टर द ब्रिज," ईश्वरी सहज म्हणाली.

"कोण?"

"द गर्ल. माय एज. शी इज नाइस. मी बोलते ना, तेव्हा ती माझ्यासारखे ओठ हलवते. शी इज लर्निंग."

"काय शिकतेय?"

"मराठी." ईश्वरीला हसू आलं. "आय टोल्ड हर, आईला विचार. माझं मराठी इज सो बॅड."

एकटं मूल असलं की असले सवंगडी निघतात, असं शैलेंद्रने रात्री जेवताना प्रमिलाला सांगितलं आणि तिलाही ते पटलं. फक्त कार्डं गोळा करताना त्याला चौथं कार्ड भरलेलं दिसलं होतं. त्यावर लिहिलं होतं 'मी'. वर शिरोरेषा होती, पट्टीने आखावी तशी सरळ. त्याला वाटलं प्रमिलाने लिहिलं. प्रमिलाला वाटलं त्याने. दोघांनीही विचारलं नाही, आणि माणसं इथेच चुकतात.

चौथा शुक्रवार मेच्या मध्यावर आला.

तीन वाजून सोळा मिनिटांनी दोन मिनिटांचा एक थांबा होता. स्टेशनचं नाव इतकं अवघड की शैलेंद्रने ते तीनदा लिहून तीनदा खोडलं होतं. "यल्ला, यल्ला!" त्याने दार उघडलं. "पाणी घेऊन ये. दोनच मिनिटं हां!"

ईश्वरीने तांब्या उचलला. अंगात पिवळा बिनबाह्यांचा सुती फ्रॉक, पायात सपाता. "ओके, जाते मी."

"अगं, जाते काय? येते म्हणावं!" प्रमिला कळवळून म्हणाली. "कितीदा सांगायचं तुला? घरातून निघताना येते म्हणावं."

"सेम थिंग, आई," म्हणत ती गेली.

थर्मास दाबल्याचा आवाज आला. फुस्स. पुन्हा फुस्स. शैलेंद्र घड्याळाकडे बघत होता. तीन सतरा. तीन अठरा. फुस्स. पोरगी रमली होती तिकडे. त्याला इटारसी आठवलं, आणि मग त्याने जे केलं ते त्याने प्रेमापोटीच केलं, हे त्याच्या वैऱ्यानेही कबूल करावं.

"खलास. गाडी सुटली." त्याने दार लोटलं आणि कडी घातली.

"अहो, हे काय?"

"दोन मिनिटं उभी राहू दे. एकदा कळलं की जन्मभर चुकणार नाही."

पायाखाली हिसका बसला.

टेबलावरचा ग्लास इंचभर सरकला. चमचा वाजायला लागला, आधी सावकाश, मग भराभर.

"बाबा! वेट!" दारावर थाप पडली. "बाबा!"

त्यानंतरची हाक दारातून आली नाही. ती दाराच्या डावीकडून, भिंतीतून आली. पुढची त्याहून डावीकडून, स्वयंपाकघराच्या बाजूने. मग आणखी लांबून. गाडी फलाट सोडते तेव्हा मागे राहिलेल्याचा आवाज जसा मागे पडतो, तसा.

शैलेंद्रने कडी काढली.

कॉरिडॉर रिकामा होता. स्टूल होतं. थर्मास होता. तांब्या नव्हता.

समोरच्या फ्लॅटचं दार उघडं टाकून शहनाझ नावाची लखनौची शेजारीण उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली. "बच्ची? यहाँ तो कोई निकला ही नहीं, भाईसाब. आपका दरवाज़ा खुला, बंद हुआ, बस."

खाली वॉचमन होता, सगळे त्याला बाबाजी म्हणायचे. त्यानेही कानांवर हात ठेवले. लिफ्ट अर्धा तास तळमजल्यावरच उभी होती. शैलेंद्रने जिने पालथे घातले, गच्ची बघितली, पाण्याच्या टाकीत वाकून बघितलं, गल्लीतली कापडाची बंद दुकानं ठोठावली, उन्हात अनवाणी खाडीवरच्या अब्रा होड्यांच्या धक्क्यापर्यंत धावत गेला. पावणेपाचला त्याने पोलिसांना फोन केला. ते येतो म्हणाले.

प्रमिला एक अक्षर बोलत नव्हती. सोफ्याची कड धरून बसली होती, आणि तिच्या जागी त्याला खिडकीचा गज धरलेली आई दिसली. मग ती एकदम म्हणाली, "आपण तिला सांगितलंय ना? जागचं हलायचं नाही. परतीच्या गाडीने न्यायला येऊ."

"प्रमिला, ते नाटक होतं."

"तो दुसरा कागद काढा."

त्याने दुसरी झेरॉक्स काढली. तेच तीनदा खोडलेलं स्टेशन, परतीची गाडी: पाच अठ्ठेचाळीस. थांबा दोन मिनिटं.

इंजिनियरिंगची पदवी भिंतीवर टांगलेला तो माणूस पडदे ओढून, दिवे घालवून पुन्हा डब्यात जाऊन बसला. परतीचा प्रवास म्हणून दोघं उलट्या बाजूला तोंड करून बसले. लाज वाटायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. साडेपाचला चमचा वाजायला लागला. पाच सत्तेचाळीसला त्याचा ताल मंदावला.

हिसका बसला. चमचा थांबला.

त्याने दार उघडलं. समोर ईश्वरी उभी होती. तोच पिवळा फ्रॉक, त्याच सपाता. ती दोन पावलं टाकून आत आली, आणि शैलेंद्रने गाडी सुटायच्या आत दार लावून घेतलं.

"आले हं मी," ती म्हणाली. "तुम्ही घाबरलात का, बाबा?"

प्रमिलाने तिला पोटाशी धरून हंबरडा फोडला. शैलेंद्र तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. त्याला रडू येत होतं, सुटल्यासारखं वाटत होतं, आणि तरी आत कुठेतरी एक शब्द कुसळासारखा टोचत होता. ईश्वरी त्याला तू म्हणायची.

"तांब्या कुठे गं?" प्रमिलाने डोळे पुसत विचारलं.

"तिथेच राहिला, आई."

पोलीस आले तेव्हा ती टेबलाशी दूध पीत होती. ते हसले, तिचा गाल ओढून गेले. दार लागल्यावर ती उठली आणि चौथ्या बर्थवर जाऊन बसली.

रशियाचा प्रवास रद्द झाला, गाद्या गुंडाळून आत गेल्या. पोरीला मात्र जणू देव पावला. घडाघडा मराठी बोलायला लागली. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात तिने असं निवेदन केलं की बायका प्रमिलाला विचारायला आल्या, क्लास कुठला लावलाय म्हणून. शाळेला निघताना न चुकता म्हणायची, "येते हं, आई." वह्यांत एकेक शिरोरेषा पट्टीने आखल्यासारखी. प्रमिला अभिमानाने सगळ्यांना सांगायची, एकदा दटावलं आणि लागलं वळण.

शैलेंद्रने काय करावं? पोरगी गुणी झाली म्हणून तक्रार करायची?

पण त्या पहिल्याच आठवड्यात, पुढच्या शुक्रवारी, तो पेपर वाचत असताना त्याच्या चहातला चमचा वाजायला लागला होता. पाच अठ्ठेचाळीसला थांबला. तो उठला आणि त्याने दार उघडलं.

उंबऱ्याबाहेर तांब्या होता. काठोकाठ भरलेला, हात लावला तर चटका बसेल इतका गरम. त्यावर नाव: चि. ईश्वरी.

कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. शहनाझच्या घरातून कांदा तळल्याचा वास येत होता. "ईशू!" त्याने हाक मारली. तो बाहेर पडून लिफ्टपर्यंत गेला, परत आला. नुसता कॉरिडॉर. नेहमीचा.

तेव्हापासून दर शुक्रवारी तो रिकामा तांब्या बाहेर ठेवायचा आणि पाच अठ्ठेचाळीसला दार उघडून दोन मिनिटं उभा राहायचा. तांब्या भरलेला असायचा, पण कोणी यायचं नाही. कसं येणार? एका शुक्रवारी ती पोरगी त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, "बाबा, आपण तीनच ना? तिकिटं तीनच होती."

त्या दिवशी त्याने प्रमिलापुढे तांब्या ठेवला. तिने तो ओळखला. नावावरून बोट फिरवलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. मग तिने तो दूर सारला.

"माझी मुलगी घरात आहे," ती म्हणाली. "आता आणखी काय हवंय तुम्हाला?"

त्याने तांब्या उचलला आणि पुन्हा दाराशी नेऊन ठेवला. त्याला रात्रंदिवस एकच कळत होतं. ईश्वरी सांगितलेलं ऐकणारी पोर होती. त्यानेच सांगितलं होतं, जागचं हलायचं नाही. बाबा न्यायला येणार म्हणून ती तिथे पाणी भरून उभी होती.

ऑक्टोबर संपता संपता एका शुक्रवारी पाच अठ्ठेचाळीस झाले तरी चमचा वाजला नाही. त्याने दार उघडलं. तांब्या होता तसा रिकामा. तो वेड्यासारखा घड्याळाकडे बघत राहिला, आणि मग त्या वेळेच्या पक्क्या माणसाच्या लक्षात आलं, त्याने एक गोष्ट धरलीच नव्हती. रशियात गेल्या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली होती. तिकडे हिवाळा लागला होता.

तो तासभर दाराशी बसून राहिला. पिवळा फ्रॉक त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. बिनबाह्यांचा, सुती.

सहा अठ्ठेचाळीसला हिसका बसला.

तांब्या भरलेला होता. या वेळी त्यातून वाफ येत नव्हती. पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता आणि बाहेरून सगळा तांब्या पांढऱ्या हिमाने माखला होता. त्या हिमात बोटाने लिहिलेलं होतं. दोन अक्षरं, वाकडी, थंडीने बोट थरथरावं तशी. वर शिरोरेषा नव्हती.

येते.

शैलेंद्र गुडघ्यांवर बसला. पाठीमागे पावलं वाजली. ती पोरगी येऊन त्याच्या शेजारी वाकली आणि तिने ती अक्षरं नीट वाचली.

मग तिने बोट पुढे केलं, अक्षरांवर एक सरळ शिरोरेषा ओढली, आणि दार लावून घेतलं.